ऊसतोडीत बिबट्याची बछडी: शूटिंग करताना या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली की कराड, शिराळा भागातून तेच व्हिडिओ यायला लागतात. फडात बिबट्याची बछडी, भोवती गावभर माणसं, आणि एखादा बहाद्दर पिल्लू उचलून मोबाईलसमोर धरतोय. वन्यजीव माहितीपट शिकणारी आपली पोरंही त्याच गर्दीत घुसतात. फरक एवढाच की त्यांची लेन्स महाग असते.

बछडी एकटी दिसली म्हणजे पोरकी नसतात. मादी शिकारीला गेलेली असते, नाहीतर कोयत्यांच्या आवाजानं शेजारच्या फडात दबा धरून बसलेली असते. वनखात्याची माणसं बछडी तपासतात आणि तिन्हीसांजेला क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. अंधार पडला, माणसं पांगली, की बहुतेकदा मादी येऊन त्यांना घेऊन जाते. वर्दळ राहिली तर ती बिचकते. तुमचं ‘फक्त पाच मिनिटं’ तिला एक रात्र लांब ठेवू शकतं.

मग शॉट? तिथं नजर ठेवायला खातं ट्रॅप कॅमेरे (हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारे) लावतं. रीतसर अर्ज करून ते फुटेज मागा. तुम्ही तोडकऱ्यांच्या टोळीकडे वळा. काल ज्या सरीत बछडी निघाली, तिथंच आज पहाटे कोयता घेऊन शिरणाऱ्या बाईशी बोला. मालक दोन दिवस तोड थांबवतो का, ते बघा. माझ्या मते खरी फिल्म तिथं आहे.

मी स्वतः चुकलोय ते टिटवीपाशी. येरळवाडीच्या तलावाकाठी तिच्या अंड्यांजवळ ट्रायपॉड लावला. ती ओरडत घिरट्या घालत होती आणि मी खूश, काय ॲक्शन मिळतेय! घरी फुटेज बघताना उमगलं, तेवढा वेळ अंडी रणरणत्या उन्हात उघडी होती. पक्ष्याचं वागणं बदललं की आपण फार जवळ आलोय. कॅमेरा उचला, मागं सरा.

दुपारी माण-खटावच्या माळावरचं चित्र पाण्याखालून काढल्यासारखं थरथरतं. लेन्स दुरुस्तीला टाकू नका, त्या तापलेल्या जमिनीच्या झळा आहेत. सकाळी लवकर जा. हालचाल तुटक दिसत असेल तर शटर बघा: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर साधारण १/५० सेकंद, आणि ऊन जास्त असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच.

कोयना-चांदोलीत ‘ओळखीनं’ कॅमेरा आत नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं अभयारण्यातल्या परवानगीच्या कारणांत चित्रपटनिर्मितीही आली, पण अधिवासाला किंवा प्राण्यांना बाधा न आणण्याच्या अटीवर.

एडिटिंगला बसल्यावर दोन वेगळ्या बिबट्यांचे शॉट जोडून एकच मादी दाखवायचा मोह होतो. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, जाणकार लगेच पकडतो. आणि अपलोड करण्याआधी फाइलमधलं लोकेशन काढा. तालुक्याचं नाव पुरे, ओढ्याचं नको.