शाळेत काय शिकवतात ते विचारताय? अर्ज टाकण्याआधी या चुका टाळा

जून उजाडला की पुस्तकांची यादी हातात पडते आणि पालकांच्या ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. हे जाडजूड जी.के.चं पुस्तक कोणी लावलं? इतिहासातला तो धडा का गाळला? मग कुणीतरी लिहितं, ‘आरटीआय टाका’, म्हणजे माहिती अधिकारात अर्ज करा. सल्ला योग्यच आहे. पण असे बरेच अर्ज मुद्दा रास्त असूनही कोरडं उत्तर घेऊन परत येतात, कारण गडबड विचारण्यातच झालेली असते.

जे उघड आहे, तेच मागणं

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही मिळतात. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर असतात. यांच्यासाठी अर्ज करून उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस थांबणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

२०२५ चा हिंदीचा वाद आठवा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. १७ जूनच्या आदेशात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं. शिवाय वर्गातल्या किमान २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर तिची सोय करण्याची अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करत असल्याची घोषणा झाली. मूळ कागद दोन-चार पानांचे होते, तरी निम्मं भांडण फॉरवर्ड वाचूनच झालं.

‘का’ विचारणं

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, म्हणजे नोंदी आणि कागदपत्रं. जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने, तुमच्यासाठी नवं स्पष्टीकरण तयार करावं किंवा आपलं मत द्यावं, असं बंधन त्याच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलं. गंमत अशी, की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही याच निकालाने दिला. म्हणजे कागद मागाल तर दार उघडं, खुलासा मागाल तर बंद.

‘अमुक धडा का वगळला, याचा खुलासा करावा’ असं लिहिलंत तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ एवढी एक ओळ येईल. त्याऐवजी असं लिहा: ‘इयत्ता अमुकच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून अमुक पाठ वगळण्याबाबत झालेल्या बैठकांची इतिवृत्तं, समितीच्या शिफारशी आणि संबंधित नस्तीतील (फाइलमधील) टिपण्यांच्या प्रती मिळाव्यात. कालावधी अमुक ते अमुक.’ ‘का’चं उत्तर असलंच, तर त्या टिपण्यांतच असतं. नेमकी नस्ती ठाऊक नसेल तर अवलोकन मागा, समोर बसून कागद चाळा आणि हवी तेवढीच पानं घ्या. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही, त्यामुळे शाळेबद्दलचं गाऱ्हाणं अर्जात ओतू नका. तसंही महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, एवढीच जागा आहे.

चुकीचं दार

राज्याचा अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते, पुस्तकं बालभारती काढते. सीबीएसई आणि एनसीईआरटी केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांचं ऑनलाइन पोर्टलही वेगळं आहे. अर्ज भलत्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत आला तर हे कलम दाखवा.

आता शाळा. ‘आम्ही खासगी, आम्हाला आरटीआय लागू नाही’ हे वाक्य अनुदानित शाळाही बिनधास्त तोंडावर फेकतात. संस्थेला सरकारकडून भरीव निधी मिळत असेल तर ती सार्वजनिक प्राधिकरण ठरते, म्हणजे तिला आरटीआय लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. विनाअनुदानित शाळेवर मात्र थेट अर्ज सहसा चालत नाही. तिथे शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शाळेने मान्यतेसाठी दिलेले कागद आणि तपासणी अहवाल तिथे मागता येतात. खासगी संस्थेकडून जी माहिती सरकारी कार्यालय कायद्याने मिळवू शकतं, तीही ‘माहिती’च्या व्याख्येत बसते.

शाळा सीबीएसईची असेल तर आधी तिचं संकेतस्थळ उघडा. खासगी प्रकाशकांची पुस्तकं लावली असतील तर त्यांची यादी तिथे टाकणं सीबीएसईच्या संलग्नता उपविधींनुसार (शाळांना मान्यता देण्याच्या नियमांनुसार) बंधनकारक आहे. सोबत ‘आम्ही ही पुस्तकं वाचली आहेत आणि मजकुराची जबाबदारी आमची’ असं व्यवस्थापक आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं घोषणापत्रही लागतं. ते दिसलं नाही तर शाळेला लेखी विचारा आणि पत्राची पोच घ्या. जी.के.च्या पुस्तकाचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

प्रताधिकाराला घाबरणं

खासगी प्रकाशकाचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करून मागितलंत तर प्रताधिकाराचं (कॉपीराइटचं) कारण देऊन कलम ९ खाली नकार येऊ शकतो. पण पुस्तकांची यादी किंवा ते निवडल्याचा ठराव यांना प्रताधिकाराची आडकाठी नाही. शिक्षकांचं वार्षिक नियोजन शाळेच्या दप्तरी असतं, तेही सरकारी किंवा अनुदानित शाळेत मागून पाहावं.

उत्तर आल्यावर हात टेकणं

‘इतके रुपये भरा’ असं पत्र म्हणजे नकार नव्हे. प्रतीचा दर पानाला दोन रुपये आहे. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून लगेच भरून टाका. अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यावा आणि पोचेवर तारखेचा शिक्का जरूर घ्यावा. पुढची सगळी मोजणी त्या शिक्क्यावरून होते. तीस दिवसांत काहीच आलं नाही किंवा उत्तर अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. तिथेही काम झालं नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. मुदत उलटून माहिती मिळाली तर ती कलम ७(६) नुसार मोफत द्यावी लागते, तरी खिडकीवर पैसे मागितले जातात आणि लोक मुकाट्याने भरतात.