नाशिकच्या काळ्या मातीत बायोचार: प्रकल्प हाती घेण्याआधी

बायोचारने, म्हणजे कमी हवेत भाजलेल्या काडीकचऱ्याच्या कोळशाने, मातीतला जड धातू बाहेर निघत नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. एकूण शिसे, कॅडमियम होते तेवढेच राहते. मुळांना मिळणारा वाटा तेवढा घटतो. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा तपासा. अम्लराजात (तीव्र हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) पचवून एकूण धातू मोजा आणि डीटीपीएने (धातू पकडून द्रावणात आणणारे रसायन) उपलब्ध धातू: 10 ग्रॅम माती, सामू (pH) 7.3 चे 20 मिली द्रावण, दोन तास हलवून, गाळून एएएसवर (धातू मोजणारे अणुशोषण यंत्र). नमुने प्लास्टिकच्या घमेल्यातच गोळा करा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीने जस्ताचे आकडे बिघडतात.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. आम्लधर्मी मातीत बायोचार सामू वाढवतो, त्यामुळे धातू अविद्राव्य होऊन बसतात. तिथले आकडे जसेच्या तसे आपल्या प्रस्तावात उतरवू नका. इथली काळी माती चुनखडीयुक्त, सामू आधीच 8 च्या आसपास. तो फायदा इथे फारसा उरत नाही. भिस्त राहते ती बायोचारच्या पृष्ठभागावर आणि राखेतल्या फॉस्फेटवर. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक भागाजवळची माती घेतलीत तर क्रोमियम वेगळा तपासा. सहा-संयुजी क्रोमियम ऋणभारित असतो, बायोचारचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच, त्यामुळे अल्कधर्मी मातीत तो सहज धरला जात नाही. आर्सेनिक तर सामू वाढल्यावर उलट सुटाही होऊ शकतो.

कच्चा माल म्हणून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या डोळ्यांसमोर येणारच. त्या वापरा, पण आधी तांबे तपासा. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदाचे तांबे सालीवर राहते. भट्टीत वजन साधारण एक-तृतीयांश होते, तांबे मात्र उडून जात नाही, म्हणजे ते जवळपास तिप्पट तीव्र होते. तांब्याने आधीच भारलेल्या बागेत असा बायोचार टाकणे चूकच. इगतपुरीकडचे भाताचे तूस किंवा तुरीच्या काड्या त्यापेक्षा बऱ्या. माल कडक वाळवा, 450 ते 550 अंशांवर भाजा, 2 मिमी चाळणीतून काढा.

कुंडीत 5 किलो माती घ्या. 0, 1, 2 आणि 5 टक्के मात्रा, म्हणजे 0, 50, 100, 250 ग्रॅम. प्रत्येकी निदान तीन कुंड्या. ओलावा राखून 30 दिवस मुरू द्या, मग पालक पेरा. पालकाच्या पानांत कॅडमियम चांगला चढतो, म्हणून फरक दिसतो. लगेच पेरलेत तर मातीची प्रतिक्रिया स्थिरावण्याआधीचे आकडे हाती येतात.

5 टक्क्यांचा निकाल देखणा आला तरी एकराचा हिशेब मांडा. 15 सेंमी थराची माती सुमारे 8 लाख किलो. 1 टक्का म्हणजे 8 टन बायोचार, त्यासाठी 24 टनांच्या आसपास वाळलेला माल. 5 टक्के म्हणजे 40 टन. ते कोणता शेतकरी टाकेल? शिफारस 1 टक्क्याच्या कुंडीवरूनच करा, आणि त्याच कुंडीची माती वर्षभराने पुन्हा डीटीपीएला लावा.