इंद्रियांची परीक्षा घरच्या घरी कशी घ्यावी

साताऱ्यात मोती चौकातून जाताना, मागच्या बाजूला भट्टी चालू असलेल्या कंदी पेढ्याच्या दुकानापाशी खरपूस भाजलेल्या खव्याचा वास गिऱ्हाइकाला रस्त्यावरच गाठतो. सकाळपासून गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मात्र तो वास जाणवेनासा झालेला असतो. त्याचे नाक बिघडलेले नसते, कारण चार दिवस गावाला जाऊन तो परत आला, की दुकानात शिरताना पहिली काही मिनिटे त्यालाही तो वास येतो. इंद्रिये वस्तूचे माप सांगत नाहीत, ती फरक सांगतात. तेच ते सारखे येत राहिले की ती गप्प होतात. या फरकांच्या वर्दीला मानसशास्त्रात संवेदन म्हणतात आणि त्या वर्दीवरून बाहेर काय आहे याचा जो अर्थ मेंदू लावतो, त्याला अवबोधन म्हणतात. (पुस्तकागणिक हे शब्द थोडे बदलतात, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.) पुढील प्रयोगांना स्वयंपाकघरातील सामान पुरते. त्यांतून ही दोन्ही कामे वेगवेगळी पाहता येतात.

प्रयोग करण्यापूर्वी एक शिस्त पाळावी. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याला उत्तर ठाऊक नसावे. त्यामुळे घरातील दुसऱ्या कोणीतरी वस्तू हातात द्यावी आणि उत्तरे वहीत लिहावीत. एकदा बरोबर आलेले उत्तर नशिबाचे असू शकते, म्हणून प्रत्येक तुलना निदान दहा वेळा, क्रम बदलून करावी. लाइपझिग येथील गुस्टाव फेश्नर यांनी १८६० साली ग्रंथरूपाने मांडलेल्या मनोभौतिकीचा (बाहेरचे उद्दीपन आणि त्याची जाणीव यांचे नाते मोजणाऱ्या शास्त्राचा) पाया अशाच मोजदादीवर उभा आहे, आणि त्यात वहीपेन्सिलीपलीकडे फारसे काही लागत नाही.

सुरुवात वजनापासून करावी, कारण येथे आकडा हाती येतो. डिजिटल काट्यावर मोजून २०० ग्रॅम तांदळाची एक पुरचुंडी बांधावी आणि तशाच फडक्याच्या २०२, २०४, २०८, २१२ व २२० ग्रॅमच्या पुरचुंड्या तयार कराव्यात. डोळे मिटलेल्या माणसाच्या हातात प्रथम २०० ग्रॅमची आणि मग दुसरी, किंवा उलट क्रमाने, अशा दोन पुरचुंड्या एकामागून एक द्याव्यात आणि जड कोणती एवढेच विचारावे. हात टेबलावर टेकवून न ठेवता पुरचुंडी उचलून तोलू द्यावी, कारण तळहातावर नुसत्या ठेवलेल्या वजनापेक्षा उचललेल्या वजनातील फरक अधिक बारकाईने कळतो. दहांपैकी पाच उत्तरे निव्वळ अंदाजानेही बरोबर येतात. सात-आठ बरोबर यायला लागली, की तेवढा फरक त्या माणसाला कळतो असे धरावे. आता हीच परीक्षा ८०० ग्रॅमच्या पिशवीवर घ्यावी. दोनशे ग्रॅमवर जो फरक सहज कळला होता, तो येथे हाताला लागतच नाही. साधारण चौपट फरक करावा, तेव्हा कुठे तो जाणवतो.

एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधलेला नियम तो हाच: कळण्याजोगा सर्वांत लहान फरक हा ठरावीक ग्रॅमचा नसतो, तो मूळ वजनाचा ठरावीक हिस्सा असतो. उचललेल्या वजनासाठी हा हिस्सा सुमारे पन्नासावा मानला जातो, म्हणजे २०० ग्रॅमला ४ ग्रॅम आणि ८०० ग्रॅमला १६ ग्रॅम. घरच्या प्रयोगात याहून मोठा फरक लागला तर त्यात नवल नाही. फार हलक्या आणि फार जड वजनांना हा नियम नीट लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. बिस्किटांचा पुडा पाच-सात ग्रॅमने हलका करून किंमत तीच ठेवली तरी गिऱ्हाइकाच्या हाताला ते का कळत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. तेथे हातावर विसंबू नये, पुड्यावरचा आकडा वाचावा.

वजनाचाच आणखी एक प्रयोग आहे आणि माझ्या मते या साऱ्यांत तोच सर्वांत बोलका आहे. एक मोठा रिकामा डबा आणि एक लहान डबी घ्यावी. डबीत तांदूळ भरून दोन्हींचे वजन काट्यावर अगदी सारखे करावे. घरातल्या कोणालाही उघड्या डोळ्यांनी दोन्ही उचलायला सांगावे. बहुतेक सगळे लहान डबीच जड असल्याचे सांगतात. मग त्यांच्यादेखत दोन्ही काट्यावर ठेवावीत, आकडे दाखवावेत आणि पुन्हा उचलायला द्यावीत. डबी तरीही जडच लागते. फ्रान्सच्या ऑगस्टीन शार्पाँतिये यांनी १८९१ साली वर्णन केलेला हा भ्रम आहे. मोठी वस्तू जड असणार ही मेंदूची अपेक्षा, आणि त्या अपेक्षेच्या मानाने डबा हलका निघाला हा फरक, असा त्याचा एक उलगडा केला जातो. मात्र यावर अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही. सत्य ठाऊक झाल्यावरही भ्रम जात नाही, ही बाब मात्र प्रयोग करणाऱ्याने स्वतःच्या हाताने अनुभवावी.

स्पर्शाची परीक्षा थोडक्यात आटोपते. दोन बोथट काड्या एकमेकींपासून ५ मिलिमीटरवर धरून बोटाच्या टोकावर एकाच वेळी हलकेच टेकवल्या, तर दोन टोके स्पष्ट कळतात. त्याच काड्या तेवढ्याच अंतराने पाठीवर टेकवल्या, तर एकच टोक टेकल्यासारखे वाटते आणि दोन कळण्यासाठी अंतर जवळजवळ चार सेंटिमीटरपर्यंत वाढवावे लागते. बोटाच्या टोकाशी स्पर्शग्राही चेता दाटीने असतात आणि मेंदूतही बोटांच्या वाट्याला मोठी जागा आलेली आहे. उष्णतेसाठी तीन पातेली घ्यावीत: एकात गार, एकात सोसेल इतके गरम आणि मधल्यात कोमट पाणी. एक हात गार पाण्यात व दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवून दोन्ही एकदम कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला गार लागते. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांना बधिरपणा आला आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये. पाणी पोळते आहे हे त्यांना वेळेवर कळत नाही.

आता कंदी पेढा. खाणाऱ्याने डोळे मिटून, नाक चिमटीत घट्ट धरून तोंडाने श्वास घ्यावा आणि पेढ्याचा तुकडा चावावा. गोडी कळते, रवाळपणा कळतो, जिभेवर तूप पसरल्याचेही कळते. परंतु तो पेढा आहे की दुसरी कोणती खव्याची मिठाई, हे सांगणे अवघड जाते. गिळण्यापूर्वी चिमटी सोडावी. क्षणात खमंग, भाजका स्वाद तोंडभर पसरतो आणि तो जिभेवरच उमटला असे वाटते. प्रत्यक्षात पेढ्याचा वास घशामागच्या वाटेने नाकात वर चढलेला असतो आणि मेंदू त्याला तोंडात नेऊन ठेवतो. जिभेला चवी मोजक्याच कळतात: गोड, आंबट, खारट, कडू, आणि जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ओळखलेली उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शात लागते तशी चव. याउलट वासासाठी माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू ओळखणारी प्रथिने, आहेत. त्यांच्या जनुकांचे घराणे १९९१ साली उलगडणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले. सर्दीत जेवण पानचट लागते ते यामुळेच. जीभ तेव्हा शाबूत असते.

टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू असा जिभेचा नकाशा अनेकांनी शाळेत पाठ केलेला असतो. तो चुकीचा आहे. १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि त्यातून तो रूढ झाला. कापसाच्या बोळ्याने मिठाचे पाणी जिभेच्या टोकाला व कडेला लावून पाहिले, की खारटपणा दोन्हीकडे कळतो. तिखट ही तर चवच नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला चेतवते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चेततो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा गौरव झाला. म्हणून ठेच्यावर गरम चहा घेतला तर तोंड अधिकच पोळते, आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्याने तांब्याभर पाण्यापेक्षा वाटीभर दही उपयोगी पडते.

डोळ्याची परीक्षा कागदापासून करावी. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठसठशीत टिंब काढावे. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीवर नजर रोखावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण ३० सेंटिमीटरवर टिंब नाहीसे होते. दृष्टिपटलावरून चेतातंतू जेथे डोळ्याबाहेर पडतात, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू एद्म मारियोत यांनी सतराव्या शतकात दाखवून दिला. आता टिंबातून आडवी रेघ ओढून पुन्हा पाहावे. टिंब जाते, पण रेघ अखंड दिसते. जी जागा डोळ्याने पाहिलीच नाही, ती मेंदूने आजूबाजूच्या मजकुरावरून भरून काढलेली असते.

दिवेलागणीच्या वेळी अंगणात लाल जास्वंद असेल, तर तिच्याजवळ अर्धा तास बसावे आणि घरातले दिवे लावू नयेत. दिवसा पानांपेक्षा उठून दिसणारे फूल हळूहळू काळपट होत जाते आणि पाने त्यामानाने उजळ वाटू लागतात. उजेडात रंग पाहणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशींचे काम मंदावून अंधारातल्या दंडपेशी पुढे येतात. त्यांची संख्या सुमारे १२ कोटी असली, तरी त्या लाल प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे फुलांवरच टिपले होते. दंडपेशी पूर्ण सरावण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. रात्री कासच्या पठाराकडे तारे पाहायला जाणाऱ्यांनी पांढरी बॅटरी एकदा जरी लावली, तरी हा सराव वाया जातो, म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधावा.

एक प्रयोग घराबाहेरचा आहे, परंतु साताऱ्याहून त्यासाठी लांब जावे लागत नाही. ठोसेघरच्या धबधब्यासमोरील गॅलरीत उभे राहून पडत्या पाण्याच्या मधोमध एका जागी सुमारे एक मिनिट नजर स्थिर ठेवावी आणि मग ती शेजारच्या कड्यावर न्यावी. कडा वर सरकू लागतो, आणि तरीही जागेवरच असतो. रॉबर्ट अॅडम्स यांनी १८३४ साली स्कॉटलंडमधील फॉयर्स येथे असेच पाहून हे लिहून ठेवले. खाली जाणाऱ्या गतीची दखल घेणाऱ्या पेशी एकसारख्या कामाने शिथिल होतात. मग स्थिर कड्याकडे पाहताना वर जाणाऱ्या गतीच्या पेशींचे पारडे जड होते. पेढेवाल्याच्या नाकाचेच हे डोळ्यातले रूप होय. ऐन आषाढात धुक्यामुळे तेथे धबधबा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर पण पाणी आटण्यापूर्वी जावे, आणि फोटो काढण्याआधी हा प्रयोग उरकून घ्यावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर नजर एका जागी राहत नाही.

परतताना सातारा बसस्थानकावर शेवटचा प्रयोग आपोआप घडतो. आपली एसटी उभी असताना शेजारची गाडी मागे सरकू लागली, की आपलीच गाडी पुढे निघाली असे वाटून पुढच्या सीटचा दांडा धरला जातो. खिडकीभर हलणारे दृश्य म्हणजे स्वतःची गती, असा डोळ्यांचा नेहमीचा अर्थ असतो. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय वेगातील बदल सांगते, स्थिर असणे आणि एकसारख्या वेगाने जाणे त्याला वेगळे कळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून लगेच ठाम तक्रार येत नाही. अशा वेळी शेजारच्या गाडीकडे न पाहता फलाटाच्या खांबाकडे पाहावे. गाडी क्षणात थांबते.