हात न पोहोचणारे ड्रेन व्हॉल्व्ह: ट्रॅव्हल ट्रेलरखालची दुरुस्ती कशी करावी

ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेले पाणी सोडून द्यायची चावी, ही मुठीत मावणारी वस्तू. घरात असती तर पान्हा घेऊन थोड्या वेळात बदलून मोकळे झालो असतो. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, मात्र ती चासीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) बीमला चिकटून, पोटाखालच्या प्लॅस्टिक शीटच्या वर नाहीतर पलंगाखालच्या खोक्याच्या पार कोपऱ्यात बसलेली असते. नळाचे काम आधी होते, मग त्याच्याभोवती कपाटे उभी राहतात आणि शेवटी खालून शीट ठोकली जाते. पुढे कोणाला तिथे हात घालावा लागेल, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. म्हणून या कामात माझा आग्रह एकच: जुना व्हॉल्व्ह जिथे होता, तिथेच नवा बसवू नका. एवढा खटाटोप करून खाली शिरलाच आहात, तर व्हॉल्व्ह हाताजवळ आणा.

आधी कोणता व्हॉल्व्ह ते ठरवा

पाणी सोडायच्या जागा ट्रेलरमध्ये बऱ्याच असतात. सर्वांत खालच्या पातळीवर दोन लो पॉइंट ड्रेन असतात, एक गरम पाण्याच्या पाइपचा आणि एक थंड पाण्याच्या. बहुतेक ट्रेलरांत लाल आणि निळ्या पाइपची टोके शेजारी शेजारी खाली लोंबताना दिसतात, ती यांचीच. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला वेगळा ड्रेन असतो. सांडपाण्याच्या टाक्यांना सरकत्या पात्याचे गेट व्हॉल्व्ह असतात: सिंक-शॉवरच्या पाण्याच्या ग्रे टाकीला बहुधा दीड इंची, संडासाच्या ब्लॅक टाकीला तीन इंची. गीझरचा ड्रेन प्लग बाहेरच्या झाकणामागे सहज सापडतो, त्यामुळे तो या लेखात नाही.

थेंब जिथून पडतो तिथेच गळती आहे असे धरून चालू नका. पाणी शीटवर साचते, उताराने सरकते आणि पहिले भोक सापडेल तिथून टपकते. मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा फटीत घाला आणि व्हिडिओ काढा. जिथे डोके जात नाही तिथे हा उपाय उत्तम चालतो. व्हॉल्व्हपर्यंत बोटे पोहोचत असतील तर तो कोरडा पुसा. त्याच्या वरच्या जोडाला टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळा, दांड्याच्या बुडाशी दुसरी आणि तोंडाला तिसरी. पंप चालू करून थांबा. जी पट्टी आधी भिजेल ती जागा दोषी.

तोंडातून गळत असेल तर बदलायची घाई नको. बॉल (व्हॉल्व्हमधला फिरणारा, आरपार भोक असलेला गोळा) आणि त्याच्या सीलमध्ये टाकीतला कचरा किंवा क्षाराचा कण अडकला तरी असेच होते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून जोरात पाणी जाऊ द्या, चारसहा वेळा उघडझाप करा. बरेचदा एवढ्यावर भागते. दांड्यापाशी गळत असेल किंवा प्लॅस्टिकच्या अंगावर केसासारखी उभी चीर दिसत असेल तर तो व्हॉल्व्ह गेला. चीर बहुधा थंडीची करणी असते: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बंद व्हॉल्व्हमध्ये त्याला जायला जागा नसते. तिथे एम-सील किंवा सिलिकॉन थापण्यात अर्थ नाही. दाबाखालच्या पाइपवर ते टिकत नाही, आणि पुढच्या वेळी खरवडून काढायचे काम मात्र वाढते.

खाली शिरण्यापूर्वी

बाहेरचा पाणीपुरवठा बंद करून होज काढा. पंप बंद. गीझर गॅसवर आणि विजेवर, दोन्हीकडून बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा, कारण लो पॉइंटचा लाल पाइप कापला की गीझरमधले बरेच पाणी तिथूनच येऊ शकते. मग ट्रेलरमधले सगळे नळ, गरम आणि थंड दोन्ही, उघडे ठेवा म्हणजे दाबही जाईल आणि वरून हवा शिरून पाणी लवकर उतरेल. गीझरच्या स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा. रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट चालू झाला तर बघता बघता जळतो.

चाकांना दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून ठोकळे लावा. जमिनीवर टेकवलेले स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, त्याचे वजन पेलायला नाही. उंची कमीच पडत असेल तर चाके रुंद, भक्कम फळ्यांवर चढवा. फक्त जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली जायचे नाही. चष्मा हवाच. उताणे पडून काम करताना शीटमधली माती, उंदरांनी कुरतडलेला फोम आणि गार पाणी, सगळे थेट तोंडावर येते.

वाट काढणे

खालून शीट फाडण्याआधी आत जाऊन बघा. शॉवरच्या पायथ्याशी, सिंकखालच्या कपाटाच्या मागच्या फळीत किंवा पलंगाखाली दोनचार स्क्रूंवर बसवलेली पाटी असते. तिच्यामागे पाइप जमिनीत शिरताना दिसला तर अर्धे काम आतूनच होईल.

नाहीच जमले तर खालून. नालीदार प्लॅस्टिकची ही शीट मोठ्या वॉशरच्या स्क्रूंनी चासीला जखडलेली असते. कड जवळ असेल तर पाचसहा स्क्रू काढून ती खाली वाकवता येते. कड दूर असेल तर व्हॉल्व्हच्या जागी तीन बाजूंनी कापा आणि चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या. चाकूचे पाते जेमतेम शीटच्या जाडीइतकेच बाहेर ठेवा. वरच्या बाजूला वायरी, ब्रेकची लाइन, गॅसचा पाइप आणि टाकीचा तळ यांपैकी काहीही असू शकते. हात सैल फिरेल एवढी खिडकी करा. छोटी केली तर मनगट सोलते आणि शेवटी ती मोठी करावीच लागते.

पाइप कापणे आणि व्हॉल्व्ह सरकवणे

आजच्या ट्रेलरांत पाण्याचे पाइप बहुतेक अर्धा इंची पेक्सचे (लवचीक प्लॅस्टिकचे) असतात. जुन्या गाडीत राखाडी पाइप दिसला तर त्यावरचे छापील अक्षर वाचा. पीबी २११० असे काही असेल तर तो पॉलिब्युटिलिन आहे. त्याला पेक्सची साधी फिटिंग न लावता दोन्ही पाइप जोडणारी खास ट्रान्झिशन फिटिंग आणा.

कापायला पेक्स कटर वापरा. हॅकसॉने कड वेडीवाकडी होते आणि भुसा पाइपमध्ये जाऊन नव्या व्हॉल्व्हच्या सीलवर बसतो. व्हॉल्व्हला अगदी लागून कापू नका, जरा वर, सरळ आणि ओरखडा नसलेल्या भागात कापा. मात्र जमिनीतून बाहेर आलेला पाइप आखूडच असेल तर प्रत्येक सेंटिमीटर जपा. पहिला जोड फसला तर पुन्हा कापायला निदान तीनचार सेंटिमीटर उरले पाहिजेत.

आता जोडाचा प्रश्न. तांब्याच्या रिंगचे क्रिंपिंग (रिंग हत्याराने दाबून पाइप पक्का करणे) स्वस्त आणि भरवशाचे, पण त्या हत्याराचे लांब दांडे उघडायला जागा लागते आणि बीमपाशी नेमकी तीच नसते. स्टीलच्या सिंच क्लॅम्पचे (कान दाबून आवळायच्या पट्टीचे) हत्यार एका बाजूने पकडते, त्यामुळे अडचणीत बरे पडते. क्लॅम्प पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत बसवायचा. तेही फिरत नसेल तर पुश-फिट कपलिंग, म्हणजे पाइप नुसता आत दाबून बसवायचा जोड, घ्या. महाग असते, पण हत्यार लागत नाही. पाइपचे टोक काटकोनात कापलेले, स्वच्छ आणि गुळगुळीत हवे. कपलिंगमध्ये पाइप जितका आत जायला हवा तेवढ्या अंतरावर पाइपवर मार्करने खूण करा आणि खूण झाकली जाईपर्यंत दाबा. आंधळेपणाने काम करताना ‘बसले असेल’ या वाक्यावर विश्वास नको, खूण बोटाने नाही तर कॅमेऱ्याने तपासा.

माझी पद्धत अशी: अडचणीच्या जागी एकच जोड करायचा, बाकी सगळे बाहेर टेबलावर. लागेल तेवढा पेक्स पाइप, एखादा एल्बो (काटकोनी जोड), पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह आणि खाली छोटी नळी, ही अख्खी जुळणी उजेडात निवांत क्रिंप करून घ्या. मग खाली जाऊन फक्त वरचे टोक कपलिंगने जोडा. गरम आणि थंड अशा दोन जुळण्या एकदमच करून ठेवा. एक व्हॉल्व्ह चिरला असेल तर दुसरा त्याच थंडीतून गेलेला आहे.

व्हॉल्व्ह कुठवर आणायचा? ट्रेलरच्या कडेजवळ, गुडघ्यावर बसून हात पोहोचेल इथवर. पण इथे लोक एक गोष्ट विसरतात. हा ड्रेन आहे, म्हणजे नव्या पाइपला जुन्या जोडापासून व्हॉल्व्हपर्यंत सलग उतार हवा आणि व्हॉल्व्ह सर्वांत खाली. मध्ये झोळ पडला तर पाणी तिथे साचणार आणि थंडीत तोच भाग फुटणार. दर हातभर अंतरावर रबर लावलेली क्लिप मारा. क्लिपसाठी चासीच्या बीमच्या वरच्या-खालच्या रुंद पट्टीत भोके पाडू नका, मजबुती तिथेच असते. लाकडी जोइस्ट (जमिनीखालची आडवी तुळई) किंवा आडवी पट्टी शोधा. शीटमधून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) बसवा. आणि काहीही झाले तरी व्हॉल्व्ह चासीच्या खाली लोंबू देऊ नका, रस्त्यावरचा एक दगड पुरे होतो. पितळी व्हॉल्व्ह घेतलात तर त्याच्या वजनाला स्वतंत्र आधार द्या; नुसत्या पाइपवर लटकवला तर प्रवासातल्या हादऱ्यांनी वरचा जोड सैल होतो.

आट्यांच्या जोडाला टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीनचार वेढे. ज्या नटमध्ये रबरी किंवा प्लॅस्टिकचा शंकू असतो त्याला टेप लावू नका. तिथे पाणी तो शंकू अडवतो, आटे नाहीत, आणि टेपमुळे नट नीट बसत नाही.

पिण्याच्या टाकीचा ड्रेन

इथे मुख्य भीती टाकीची आहे. जुना व्हॉल्व्ह फिरवताना टाकीला जडवलेली फिटिंग दुसऱ्या पान्ह्याने घट्ट धरून ठेवा. ती फिटिंग टाकीसकट पिळली गेली तर पाच मिनिटांच्या कामापायी टाकी खाली उतरवावी लागते. नवा एल्बो हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने जेमतेम एक फेरा. यालाही पाइपचा तुकडा जोडून व्हॉल्व्ह कडेला आणता येतो.

सांडपाण्याचे गेट व्हॉल्व्ह

टाकी रिकामी करा, भरपूर पाण्याने दोनतीनदा धुवा, हातमोजे घाला, खाली पसरट तसराळे ठेवा. हँडल जड झाले म्हणून व्हॉल्व्ह बदलायला निघाला असाल तर आधी केबल तपासा. शीटच्या वर बसवलेले गेट बरेचदा लांब केबलने ओढतात, आणि गंजते किंवा वाकते ती केबलच. ती सोडवून पाते हाताने ओढून बघा. हलके सरकत असेल तर केबल बदला, व्हॉल्व्हला हात लावू नका.

व्हॉल्व्हच गेला असेल तर तो चार बोल्टांनी दोन पाइपांच्या मध्ये पकडलेला असतो. बोल्ट काढा, पाचर घालून पाइप किंचित फाकवा आणि व्हॉल्व्ह बाहेर सरकवा. दोन्ही बाजूंचे रबरी सील नवेच घाला. सीलची खाच व्हॉल्व्हच्या कडेवर बसते; नवा व्हॉल्व्ह आत सरकवताना नेमकी सीलला घडी पडते किंवा ते घसरते आणि मग गळती तशीच राहते. सीलला सिलिकॉन ग्रीस लावले की ते जागेवर चिकटून राहते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

प्रवास तोंडावर आला आहे आणि शीट उघडायला सवड नाही? बाहेरच्या तीन इंची तोंडावर पिळून बसवायचा जास्तीचा गेट व्हॉल्व्ह मिळतो. तो लावून चालवून घ्या. त्याचे झाकण उघडताना मात्र मागे साचलेले पाणी येणार, बादली आधीच ठेवा.

तपासणी

शीट लगेच बंद करू नका. टाकीत पाणी भरा आणि आधी फक्त पंपाच्या दाबावर बघा. नळांतून फुसफुस थांबून सलग धार आली की एकेक नळ बंद करा, गरम बाजूचाही, म्हणजे गीझर भरल्याची खात्री होते. सगळे बंद झाल्यावर पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. कोणी नळ उघडला नसताना तो मधूनच घुरघुरला तर पाणी कुठेतरी जाते आहे. पुन्हा टिश्यूच्या पट्ट्या गुंडाळा आणि तासभर दुसरे काम करा. त्यानंतर प्रेशर रेग्युलेटर लावून बाहेरचे पाणी जोडा, शेवटी गीझर चालू करून गरम बाजूचा जोड परत बघा.

पिण्याच्या पाण्याचा पाइप उघडला होता, तेव्हा निर्जंतुकीकरण करा: ६० लिटर पाण्याला साधारण ६० मिलिलिटर बिनवासाचे घरगुती ब्लीच, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत फिरवून काही तास ठेवायचे आणि मग वास जाईपर्यंत धुवायचे.

कापलेली खिडकी कायमची चिकटवण्यापेक्षा कापाहून मोठी प्लॅस्टिकची पाटी वॉशर-स्क्रूंनी बसवा, वर इन्सुलेशन परत घालून. थंडीत ट्रेलर उभा करताना पाणी सोडून झाले की नवे बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करू नका. बंद बॉलच्या पोकळीत थोडे पाणी अडकते आणि गोठून व्हॉल्व्ह आतून फोडते. दांडा अर्ध्यावर तिरका ठेवला की तेही निघून जाते. पहिल्या लांब प्रवासानंतर एकदा खाली वाकून क्लिपांचे स्क्रू तपासा, पाटीचे स्क्रू तर हमखास सैल झालेले असतात.