नव्या टॅबचं प्री-बुकिंग करताय? या चुका टाळा

नव्या टॅबची घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेच ते प्रश्न सुरू होतात. जुनी पेन्सिल (टॅबवर लिहायचा स्टायलस) चालेल का, सिम कुठे घालायचं, ईएमआय ‘नो कॉस्ट’ होता तर जादा पैसे का कापले. बुकिंग आधीच झालेलं असतं, चौकशी मागाहून. यातली निम्मी उत्तरं कंपनीच्याच साइटवर, तुलनेच्या तक्त्यात आणि तळाच्या बारीक अक्षरांत पडलेली असतात. ती वाचायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास अनबॉक्सिंगच्या व्हिडिओंत गेलेला असतो.

कार्यक्रमात दाखवला एक, कार्टमध्ये आला दुसरा

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

घोषणेत जे काही सांगतात ते बहुतेक वेळा सगळ्यात महागड्या मॉडेलचं असतं, आणि पडद्यावर झळकणारी किंमत सगळ्यात स्वस्त मॉडेलची. ७ मे २०२४ ला आलेल्या एम४ चिपच्या आयपॅड प्रोचं उदाहरण घ्या. भारतात ११ इंचीची किंमत ९९,९०० रुपयांपासून होती आणि १३ इंचीची १,२९,९०० पासून. या ‘पासून’कडे कोणी बघत नाही. २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये ९ कोरचा सीपीयू आणि ८ जीबी रॅम. १० कोर आणि १६ जीबी रॅम हवी तर १ किंवा २ टीबीचंच मॉडेल घ्यावं लागतं. चकाकी कमी करणारी नॅनो-टेक्श्चर काचही त्याच दोन मॉडेलांवर, तीही वेगळे पैसे मोजून. म्हणजे ‘व्हिडिओ एडिटिंग करायचंय, जरा दणकट मॉडेल घेऊ’ म्हणून ज्यांनी २५६ ऐवजी ५१२ बुक केला, त्यांना जागा दुप्पट मिळाली, ताकद तेवढीच राहिली. नुसती जागाच हवी असेल तर यूएसबी-सीला बाहेरची एसएसडी लावून ती बरीच स्वस्तात मिळते.

आता पेन्सिल. त्याच दिवशी एम२ आयपॅड एअरही आला. ज्यांच्याकडे दुसऱ्या पिढीची अ‍ॅपल पेन्सिल होती त्यांनी गृहीत धरलं की ती चालणार, कारण आधीच्या एअर आणि प्रोवर चालत होती. चालत नाही. या दोन्ही टॅबना पेन्सिल प्रो लागते, नाहीतर यूएसबी-सीवाली साधी पेन्सिल, आणि त्या साध्या पेन्सिलला दाबाचा फरक कळत नाही. चित्रं काढणाऱ्याच्या ती काही कामाची नाही. घोळ कुठे झाला? समोरचा कॅमेरा लांब कडेला आणला, आणि पेन्सिल चिकटून चार्ज व्हायची जागाही तीच. आतली मांडणी बदलली, जुनी पेन्सिल बाद. यात नवीनही काही नव्हतं. २०२२ मध्ये दहाव्या पिढीच्या आयपॅडवर कॅमेरा असाच आडव्या कडेला गेला होता आणि तिथे तर पहिल्या पिढीची पेन्सिल अ‍ॅडॉप्टर लावून चार्ज करायची वेळ आली, कारण पेन्सिल लायटनिंगची (अ‍ॅपलच्या जुन्या पोर्टची) आणि टॅब यूएसबी-सीचा. एवढं होऊनही दीड वर्षाने लोक तसेच फसले.

कीबोर्डची गंमत आणखी वेगळी. एम४ प्रोला जुना मॅजिक कीबोर्ड बसत नाही, पण त्याच दिवशी आलेल्या एअरला जुनाच बसतो. अंदाज बांधायला वावच नाही. टॅबच्या पानावर न थांबता अ‍ॅक्सेसरीच्या पानावर जा आणि ‘कोणत्या मॉडेलला चालते’ ही यादी उघडा. टॅबचं पूर्ण नाव, पिढी आणि इंच तिच्यात जसंच्या तसं दिसलं तरच ऑर्डर करा.

मग एकूण बेरीज मांडा. तेव्हाच्या भावाने ११ इंची एम४ प्रो ९९,९००, पेन्सिल प्रो ११,९००, मॅजिक कीबोर्ड २९,९००. झाले १,४१,७००. ‘लाखाच्या आत बसतोय’ म्हणून सुरू झालेली खरेदी इथे येऊन थांबते, आणि मग दोन महिन्यांनी कुठल्यातरी नाव नसलेल्या कंपनीचा स्टायलस मागवला जातो. पैसे तिन्ही वस्तूंचे असतील तर बुक करा, नाहीतर एक पायरी खालचा टॅब पेन्सिलसकट घ्या.

सिमचंही तसंच. एम२ एअर आणि एम४ प्रोच्या सेल्युलर मॉडेलमध्ये सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. जुन्या फोनमधलं डेटा सिम काढून टॅबमध्ये घालायचा बेत असेल तर आधी आपल्या मोबाइल कंपनीकडून टॅबसाठी ई-सिम कसं मिळतं ते विचारून घ्या. आणि आयपॅडच्या सेल्युलर मॉडेलवरून साधा फोन कॉल लागत नाही, हे अजूनही दरवर्षी सांगावं लागतं.

अँड्रॉइडवाल्यांसाठी थोडक्यात. ‘१२ जीबी रॅम’ म्हणजे ८ अधिक ४ आभासी (स्टोरेजमधून उसनी घेतलेली) आहे का बघा. आभासी रॅम मोजायचीच नाही. स्टोरेज वेगवान यूएफएस प्रकारचं आहे की जुन्या, संथ ईएमएमसी प्रकारचं ते बघा. स्वस्त टॅब वर्षभरात रडायला लागतो त्याला बऱ्याचदा ईएमएमसी कारणीभूत असतं. वाइडवाइन एल१ (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेची वरची पातळी) नसेल तर पडदा कितीही भारी असो, नेटफ्लिक्स एचडीत दिसणार नाही. गॅलॅक्सी टॅब एस मालिकेत एस पेन खोक्यातच येतो, चार्जर मात्र येत नाही. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे लेखी दिलेलं नसेल तर प्री-बुकिंग करूच नका, ऐन दिवाळीच्या सेलमध्ये तोच टॅब कमी भावात मिळेल.

प्री-रिझर्व्ह केलं म्हणजे टॅब मिळाला असं नाही

सॅमसंगसारख्या कंपन्या घोषणेच्या आधीच छोटी रक्कम घेऊन प्री-रिझर्व्ह करून घेतात. त्यात टॅब राखून ठेवला जात नाही, मिळतं ते नंतरच्या खरेदीवर वापरायचं कूपन. ते त्याच खात्यावरून आणि दिलेल्या मुदतीतच चालतं. रिझर्व्ह बायकोच्या नंबरवरून आणि खरेदी स्वतःच्या, असं केलंत तर कूपनवर पाणी सोडायचं.

पैसे भरतानाचे घोळ

‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज असतंच. तेवढी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक ते व्याज तुमच्याकडून वसूल करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्याच खिशातून जातो. ५९,९०० रुपयांचा टॅब, सहा हप्ते, व्याजदर १६ टक्के धरला तर व्याज साधारण २,७०० रुपये होतं आणि त्यावरचा जीएसटी ४८५ च्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. म्हणजे सव्वासातशे रुपये जादा. फार नाहीत, पण ‘फसवलं’ म्हणून ओरडण्याआधी हा हिशोब करायला हवा होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑर्डर रद्द केली तर कापलेली फी बहुधा परत येत नाही, आणि ईएमआय बंद झाला की नाही ते बँकेला फोन करून बघावं लागतं. एकरकमी भरायची ऐपत असेल तर एकरकमी भरा. कार्डाची सूट कॅशबॅक आहे की तिथल्या तिथे मिळणारी, हेही पाहा. कॅशबॅकची तारीख तीन महिने पुढची असू शकते.

बुकिंग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा किती आहे ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असतं, ऑनलाइनची परवानगी आपणच द्यायची. यूपीआयवर दिवसाला साधारण एक लाखाची मर्यादा असते आणि नव्याने नोंदणी केली असेल तर पहिले २४ तास फक्त पाच हजारांची. ऐन दुपारी बारा वाजता नवा फोन हातात घेऊन ‘पेमेंट फेल होतंय’ म्हणणाऱ्यांत निम्मे हेच.

पैसे गेले आणि ऑर्डर दिसत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. खात्यात ‘माय ऑर्डर्स’ बघा, दहा मिनिटं थांबा. यूपीआयने कापलेले आणि विक्रेत्याकडे नोंद न झालेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. घाईघाईत तीनदा भरलं तर एक लाखाचा टॅब तीन लाखांचा होऊन बसतो आणि आठवडाभर कार्डाची मर्यादा अडकते.

धंद्याच्या नावावर घेणार असाल तर जीएसटी क्रमांक ऑर्डर करतानाच घाला. बिल निघाल्यावर तो घालून घेणं बहुधा जमत नाही.

जुना टॅब एक्सचेंजला देताना

एक्सचेंजमध्ये नवा टॅब देणारा माणूसच जुना घेऊन जातो, तोही दारातच, पाच-दहा मिनिटांत. म्हणजे दोन्ही टॅब शेजारी ठेवून डेटा हलवायची संधीच मिळत नाही. ही साधी गोष्ट ऑर्डर करताना कोणाच्याच डोक्यात येत नाही. बॅकअप आदल्या रात्रीच घ्या. आयक्लाउडवर फुकट जागा फक्त ५ जीबी असते, पण नवा आयपॅड घेणाऱ्याला सेटिंग्ज, जनरल, ‘ट्रान्सफर ऑर रिसेट’ या वाटेने बॅकअपसाठी तीन आठवडे तात्पुरती जादा जागा मिळते. संगणकावर बॅकअप घेत असाल तर एन्क्रिप्शन चालू करा, त्याशिवाय पासवर्ड बॅकअपमध्ये येत नाहीत.

रिसेट सेटिंग्जमधूनच करा, आधी खातं काढून. बटणं दाबून रिकव्हरीतून पुसलेला अँड्रॉइड टॅब चालू होताना जुनं गूगल खातं मागतो, आयपॅडवर ‘फाइंड माय’ (हरवलेला आयपॅड शोधायची सोय) चालू राहिलं तर तीच कथा. तो माणूस टॅब घेणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. काचेला चरा निघाला किंवा मॉडेल जुळलं नाही तर फरकाची रक्कम तिथेच मागतात. ती तयार ठेवा, नाहीतर डिलिव्हरी परत जाईल आणि प्री-बुकिंगची सूटही सोबत जाईल.

जो टॅब अजून बनलाच नाही त्याचं बुकिंग

‘आकाश’ टॅब आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते आला, जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आणि बोटाने जोर देऊन दाबावी लागणारी रेझिस्टिव्ह स्क्रीन. त्याचाच बाजारातला भाऊ यूबीस्लेट ७, किंमत २,९९९ रुपये. बुकिंग ऑनलाइन उघडलं आणि दोन आठवड्यांत १४ लाख नोंदी झाल्याचं डेटाविंड कंपनीने सांगितलं. त्या नोंदींना पुरेल एवढा माल कुठून येणार होता? लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसले. ११ नोव्हेंबर २०१२ ला ‘आकाश २’ आला तो १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी आणि हलक्या स्पर्शाला दाद देणारी कपॅसिटिव्ह स्क्रीन घेऊन. पहिल्याच्या रांगेत उभं राहून काय साधलं?

फिनलंडच्या जोला कंपनीचं प्रकरण याहून कडू. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी टॅबसाठी इंडिगोगो या क्राउडफंडिंगच्या (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या) साइटवर ३,८०,००० डॉलर मागितले, ते काही तासांतच जमले आणि पुढे आकडा १८ लाखांच्या वर गेला. टॅब २०१५ च्या मध्याला मिळणार होते. वर्षाच्या शेवटी कंपनीच आर्थिक अडचणीत आली आणि जानेवारी २०१६ मध्ये सांगण्यात आलं की सगळ्यांना टॅब मिळणार नाहीत, पैसे हप्त्याने परत करू. क्राउडफंडिंगला पैसे देणं म्हणजे खरेदी नव्हे, तिथे ‘माझा टॅब कुठाय’ विचारायचा हक्क फार तोकडा असतो.

त्यामुळे बुक करण्याआधी डिलिव्हरीची तारीख शोधा. ‘लवकरच’ किंवा ‘या तिमाहीत’ लिहिलं असेल तर पैसे खिशातच बरे. तारीख असेल तर आपला पिनकोड टाकून पुन्हा बघा, कारण पुण्याला शुक्रवारी आणि सावंतवाडीला पुढच्या बुधवारी असंही असतं.

अमेरिकेतला भाचा घेऊन येईल

डॉलरला रुपयाने गुणून ‘तिकडे स्वस्त’ म्हणू नका. तिकडच्या किमतीत राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, इकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी आधीच असतो. वॉरंटीची सेवा फक्त विकलेल्या देशापुरती मर्यादित ठेवायचा हक्क अ‍ॅपलने आयपॅडच्या अटींत राखून ठेवला आहे. गूगलचा पिक्सेल टॅब्लेट मे २०२३ मध्ये जाहीर झाला, पण भारतात अधिकृतपणे आलाच नाही. तो मागवला तर पडदा फुटल्यावर दाद मागायला इथे कोणी नाही.

खोकं दारात आल्यावर

ओपन बॉक्स डिलिव्हरी मिळत असेल तर तीच निवडा आणि ओटीपी खोकं उघडून, आतला टॅब बघूनच द्या. तशी सोय नसेल तर पत्त्याच्या लेबलपासून टॅब चालू होईपर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या, मध्ये न थांबवता. खोक्यावरचा सीरियल क्रमांक बिलावरच्या आणि सेटिंग्जमधल्या क्रमांकाशी जुळवा, मग कंपनीच्या साइटवर वॉरंटीची सुरुवात कधी दाखवतेय ते बघा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून पडदा तपासा. बदलून मिळायची मुदत ऑनलाइन बहुतेक ठिकाणी सात दिवसांची असते, म्हणून गणपतीला गावी जाणार असाल तर डिलिव्हरी त्या आठवड्यात येईल असं बुकिंग करू नका. शेजाऱ्याने घेऊन ठेवलेलं खोकं दहा दिवसांनी उघडलं तर तक्रार ऐकून घेतली जात नाही.

आणि टॅब येण्याआधी, लीक झालेल्या फोटोंवरून बनवलेलं कव्हर घेऊ नका.

काही बिनसलंच तर विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तरीही हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, व्हिडिओ आणि बिल जोडून.