भुशाचा बंदोबस्त: माझा अनुभव

मागच्या पडवीत मी सुतारकाम करतो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापायला घेतलं की व्हॅक्यूमचा फिल्टर १० मिनिटांत चोंदायचा आणि ओढ कमी व्हायची. मोठं यंत्र घ्यायच्या बेतात होतो, पण आधी व्हॅक्यूमच्या अलीकडे, नळीच्या मध्ये सायक्लोन, म्हणजे भुसा वेगळा करणारा शंकू, बसवून पाहिला. हवा शंकूत गरगर फिरते, जड भुसा खालच्या बादलीत पडतो. पहिली बादली पातळ होती. नळीचं तोंड तुंबताच ती आत चेपली. मग रंगाचा जाड २० लिटरचा डबा लावला, झाकणाला रबराची पट्टी दिली. आता फिल्टरवर पिठासारखा पातळ थर तेवढा बसतो. रंध्याच्या मशीनला मात्र हे पुरत नाही, तिथल्या ढलप्यांना ४ इंची पाइपच लागतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे, म्हणून व्हॅक्यूमला अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर घातला. एन-९५ मास्क तर घासकाम संपल्यावरही मी अर्धा तास काढत नाही.