जुनं इसूझू इंजिन घ्यायलात? आधी ह्या चुका टाळा

हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा असो नाहीतर अ‍ॅम्बॅसॅडर, जुन्या 1489 सीसीच्या इंजिनाला वैतागून लोक इसूझू ह्या जपानी कंपनीचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन शोधायला लागतेत, आणि त्यात काही चूक नाही. 1984 ला कॉन्टेसा आली तेव्हा तिच्यात जे इंजिन होतं ते पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचं, एवढं मोठं धूड ते बिचारं कुठवर ओढणार, आणि नंतर आलेलं 1817 सीसीचं इसूझू 88 हॉर्सपॉवरचं, वर पाच गिअरचा बॉक्स. फरक पहिल्याच चढाला कळतो. पण 2002 ला कॉन्टेसा बंद झाली, 2014 ला अ‍ॅम्बॅसॅडर, म्हणजे आज बाजारात जे इसूझू फिरायलंय ते कुणाच्यातरी मेलेल्या गाडीतलंच. जालन्याला स्टीलच्या भट्ट्या, त्यामुळं तिकडं भंगार लई येतं, आणि त्यातलंच एखादं इंजिन भट्टीत जायच्या ऐवजी चंदेरी रंग लावून टायरवर येऊन बसतं.

आणि मग मला फोन येतो. "काका, इंजिन घेतलंय, जरा येऊन बघता का?" आता घेतल्यावर काय बघू? घ्यायच्या आधी एक फोन केला असता तर पेट्रोल टाकून आलो असतो. त्याच त्या चुका सगळेच करायलेत म्हणून एकदाचं लिहून काढतो.

गरम करून ठेवलेलं इंजिन बघणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. तुम्ही पोचायच्या आधीच गोडाऊनवाल्यानं इंजिन अर्धा तास चालवून ठेवलेलं असतं, तुम्ही गेलात की एका सेल्फमध्ये घर्रकन चालू, पेट्रोलची बाटली वर टांगलेली, आवाज एकदम गोड, आणि आपला गडी खुश होऊन लगेच फोन काढून व्हिडिओ बनवायला लागतो. अरे पण गार इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली झिरपलेलं असतं, ते सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन बाहेर येतं आणि मिनिटभरात गायब होतं. ऑइल वर चढायला जे दोन-तीन सेकंद लागतेत त्यात बेअरिंग आणि टॅपेट काय बोलतेत ते फक्त तेव्हाच ऐकू येतं. स्टार्टिंगचा त्रास असेल, एखादा सिलिंडर मिस मारत असेल, ते बी गारलाच कळतं.

माझी सवय अशी की आदल्या रात्री फोन करून सांगायचं, "मामा, मी येईपर्यंत हात लावू नका." तरी लावतेतच. म्हणून गेल्या गेल्या रामराम व्हायच्या आधी माझा हात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर जातो. कोमट जरी लागलं तरी मी भांडत नाही, म्हणतो चला चहा घेऊ, आणि दोन-तीन तास तिथंच बसतो. मे महिना असेल तर जेवण पण तिथंच. तो म्हणणार दुसरं गिऱ्हाईक लाईनीत हाय, संध्याकाळी उचलायलेत. उचलू द्या की. इसूझूचं काय हे शेवटचं इंजिन राहिलंय का?

आता ह्याच्या उलटं पण आहे. गार ऐकून झालं की चांगलं गरम करून परत ऐकायचं, कारण खालचा बिगेंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) ठोका गरम झाल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर खरा कळतो. रेस देऊन सोडली की सोडताना खालून ठक-ठक येतंय का बघा. हा ठोका दाबायला ऑइलमध्ये घट्ट करणारी औषधं टाकतेत, काही महाभाग तर सरळ गिअर ऑइल मिसळतेत. त्यामुळं डिपस्टिकचं ऑइल बोटात घेऊन चोळायचं, ह्या इंजिनाला 20 डब्ल्यू 50 जाडीचं ऑइल चालतं, त्याहून चिकट तार धरली की समजायचं आत काहीतरी झाकायलेत. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या काट्यावर तर विश्वासच नको, तिथं तो नसतोच म्हणा. मी माझं साधं मेकॅनिकल ऑइल प्रेशर मीटर पिशवीत घेऊन जातो, इंजिनावरचा ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथं लावतो. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुन्या मिस्त्र्यांचा हिशोब आहे, गरम झाल्यावर तेवढं तरी दाखवलं पाहिजे.

पाणी कुठलं प्यालंय हे न विचारणं

हे बाहेरच्या लोकांच्या लक्षातच येत नाही, पण आपल्या मराठवाड्यात हेच इंजिन मारतं. आपल्याकडं बोअरचं पाणी, क्षार किती ते घरच्या माठाला आणि नळाच्या तोटीला बघा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात रेडिएटरला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? हापशाचं भरलं की झालं. तेच क्षार वर्षानुवर्षं ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत बसत जातेत. त्यात इसूझूचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, म्हणजे हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्या जातात ते वेगळंच.

परभणीच्या एका पोराची गोष्ट सांगतो. आजोबांची कॉन्टेसा, एमएच 22 च्या आधीच्या जुन्या नंबरची, बॉडी एकदम कडक. पोरगं पुण्याला नोकरीला, दिवाळीच्या सुट्टीत गाडी चालू करायचीच म्हणून घाई. एका गोडाऊनमध्ये इसूझू मिळालं, रंगवलेलं, चालू करून दाखवलेलं (अर्थातच गरम), आवाज खरंच चांगला होता, व्हिडिओ मी नंतर बघितला. पोरानं जागेवरच फोनवरून पैसे टाकले. इंजिन बसलं, गाडी गावात फिरली, सगळ्यांनी फोटो काढले. थंडीत काहीच कळलं नाही. एप्रिलमध्ये परभणीहून संभाजीनगरला निघाला आणि जिंतूर सोडल्यावर काटा लालमध्ये. पाणी घाल, थांब, परत निघ, असं करत करत मंठ्यापर्यंत आला आणि तिथं गाडीनं पांढरा धूर सोडून मान टाकली.

टेम्पोवर टाकून इथं संभाजीनगरला आणली. वाळूजला एक बोअरिंगवाले चाचा आहेत, त्यांच्याकडं हेड उतरवलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधी गॅस्केट जळून काळं झालेलं, ते अपेक्षितच होतं. पण चाचांनी ब्लॉकच्या मागच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तर चंदेरी रंगाखालून एम-सील निघालं. ब्लॉकची पत्र्याची टोपी, ज्याला आपण वॉटर प्लग म्हणतो, ती गंजून भोक पडलेली आणि तिच्यावर एम-सील थापून वरून रंग. प्लग ठोकून काढला तर पाणी यायच्या ऐवजी चिखल आला आणि त्याच्यामागं पांढरी कडक खपली, चौथ्या सिलिंडरच्या भोवती पूर्ण गच्च. चाचा छिन्नीनं एक तुकडा काढून पोराच्या हातात देत म्हणाले, "बेटा, यहाँ पानी कभी घूमाच नहीं." म्हणजे पुढचे दोन सिलिंडर गार आणि मागचे दोन भाजायलेत, आणि काटा मात्र पुढचं तापमान दाखवायलाय. हेडला आधीच दोनदा फेसिंग मारलेलं, म्हणजे खालची बाजू घासून सपाट केलेली, तिसऱ्यांदा मारायला धातूच शिल्लक नव्हता. पोरगं नंतर दुसऱ्या इंजिनाला पैसे साठवायला लागलं.

हे सगळं घ्यायच्या आधी पंधरा मिनिटांत कळलं असतं. थर्मोस्टॅटची (इंजिनातलं पाणी तापल्यावर रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) टोपी काढायची, दोन बोल्टचं काम, आणि टॉर्च मारून आत बघायचं. तांबूस गंज असेल तर ठीक, पांढरे थर दिसले की सावध. वॉटर प्लगवर नखानं खरवडायचं, रंगाचा थर जाड आणि मऊ लागला की खाली काय आहे विचारायचं. इंजिन चालू असताना पुढचा आणि मागचा सिलिंडर ह्यांच्या बाजूला ब्लॉकवर हात फिरवून बघायचा, आता तर टेम्परेचर गन स्वस्तात मिळते, मागं-पुढं मोठा फरक आला की उठायचं. विकणारा थर्मोस्टॅटची टोपी काढू देत नसेल तर त्यानं तुमचं काम सोपं केलं, घरी जा.

कॉम्प्रेशन न मोजता "पिकअप भारी आहे" म्हणणं

टायरवर ठेवलेल्या इंजिनाला कसला पिकअप? कॉम्प्रेशन मीटर आणा. चारही स्पार्क प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, बॅटरी फुल चार्ज पाहिजे, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेऱ्या सेल्फ मारा. चांगल्या पेट्रोल इंजिनाला 140 ते 170 पीएसआयच्या मधी काहीतरी येतं, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, दहा टक्क्यांच्या वर गेला की शंका घ्या. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा: वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुतेक मधलं गॅस्केट. इंटरनेटवरचे तक्ते समुद्रसपाटीचे असतेत हे लक्षात ठेवा, आपलं संभाजीनगर 568 मीटर उंचीवर आहे, इथं कॉम्प्रेशन पाच-सहा टक्के कमीच येणार आणि व्हॅक्यूम मीटर (इंजिन हवा किती ओढतंय ते पाऱ्याच्या इंचात दाखवतं) पण दीड-दोन इंच खालीच दाखवणार, तेवढ्यावरून चांगलं इंजिन सोडून येऊ नका. हे पण बघितलंय मी, कुणीतरी ग्रुपवर सांगितलं 18 इंच पाहिजे म्हणून पोरं 17 वालं सोडून आली.

एक अडचण सांगतो. सेल्फ गिअरबॉक्सच्या बेलला बसतो, त्यामुळं सुटं इंजिन असेल तर सेल्फ लावायला जागाच नसते आणि विकणारा म्हणतो "आता कसं फिरवणार". म्हणून गिअरबॉक्ससकट इंजिन बघा, पाच गिअरचा बॉक्स तुम्हाला तसाही लागणारच आहे.

बाकीच्या चुका, पटापट

इसूझू म्हणून डिझेल घेणं. हसू नका, झालंय. 1995 सीसीचं डिझेल इसूझू पण ह्याच गाड्यांना यायचं, भंगारवाला म्हणतो "इसूझूच हाय की दादा", खोटं पण बोलत नाही. स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्यूटर दिसतोय का बघा ना.

ऑइल कॅपच्या आतून ताकासारखं पांढरट लागलं असेल तर पाणी आणि ऑइल एक झालंय. धुवून पुसून चकचकीत केलेली कॅप पण मला आवडत नाही, वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनाची कॅप एवढी स्वच्छ कामून? चालू इंजिनाची कॅप उघडून हात धरा, भसाभसा वाफ अंगावर आली तर ते बॅक मारायलंय, म्हणजे रिंगा कामाला आल्या.

पुढची पुली धरून मागं-पुढं ढकला. डोळ्याला दिसेल एवढा क्रँक हलला तर थ्रस्ट, म्हणजे क्रँकला मागं-पुढं सरकू न देणारं बेअरिंग, गेलाय.

पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा न बघणं. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घाला, फोनला जोडायचे मिळतेत. 100 लिहिलेलं दिसलं तर आधीच एक एमएम बोअर वाढवलाय, पुढं स्लीव्हच घालावी लागेल, भाव तसा करा.

एलपीजीवर चाललेलं इंजिन. टॅक्सीतली असतेत. एलपीजीवर व्हॉल्व्हची सीट खाली बसते. मॅनिफोल्डला जास्तीचं भोक बुजवलेलं दिसेल, मालक विसरतो पण भोक विसरत नाही.

नंतरच्या गाड्यांचं एमपीएफआय (कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टरवालं) घेत असाल तर वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, त्याच गाडीचं सोबत घ्या. वेगळं शोधत बसाल.

अ‍ॅम्बॅसॅडरमधून काढलेलं कॉन्टेसात टाकायचं असेल तर माउंटिंग, ऑइल चेंबर आणि एक्झॉस्ट आपल्या गाडीवर मोजून, फोटो काढून मगच जा. "बसतंय सगळं" म्हणणाऱ्यानं स्वतः बसवलेलं नसतंय.

कागद

इंजिन बदललं की नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायद्याच्या 52 कलमात गाडीतल्या बदलाचं येतं, आरटीओत जावंच लागतं. त्यासाठी बिल पाहिजे आणि बिलावर इंजिन नंबर पाहिजे, "जुना माल एक नग" असलं बिल फाडून टाका. नंबरच्या जागी ब्लॉक घासलेला, नाहीतर आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले तर इंजिन कितीबी गोड वाजूद्या, पोलिसाच्या दारात उभं राहायची हौस नसेल तर निघा. काही जण म्हणतेत आपण व्हिंटेजमध्ये नोंदवू. 2021 च्या नियमात व्हिंटेजला पन्नास वर्षं पाहिजेत, सगळ्यात जुनी कॉन्टेसा 1984 ची, म्हणजे 2034 पर्यंत ते विसरा.

आणि सौदा झाल्यावर पिकअपमध्ये टाकताना इनटेक मॅनिफोल्डला साखळी बांधून उचलू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम आहे, तडकतं. हूकच्या जागी बांधा, खाली टायर टाका, आधी ऑइल काढा आणि ते चिंधीतून गाळून बघा, चमकणारे कण पैसे द्यायच्या आधी दिसलेले बरे. कार्बोरेटरचं तोंड टेपनं बंद करा. चिंधी कोंबायची नाही, ती काढायची राहून जाते आणि मग पहिल्या स्टार्टला आत ओढली जाते.